शुवैखचा हेन्ड्रिक

आमच्या फ्रिजचा मधला कप्पा बरीच वर्षं आमचा नव्हता. तो समोरच्या फ्लॅटमधल्या दत्ताराम चितारींचा होता. त्यात कधी अर्धवट सोललेलं लिंबू असायचं, कधी एका अंगाने मऊ पडलेलं पेर, तर कधी फोडलेलं डाळिंब. दाण्यांना धक्का लागू नये म्हणून त्यावर वाडगा पालथा घातलेला असायचा. कप्प्याच्या कडेला त्यांनी कागद चिकटवला होता आणि त्यावर वळणदार अक्षरात 'खाऊ नये' एवढंच लिहिलं होतं. माझ्या नवऱ्याचं, शिरीषचं म्हणणं असं की स्वतःच्या घरात अशी ताकीद वाचून पाणी प्यायचं म्हणजे कहर आहे.

एकदा आमच्या लेकीने, इराने, शाळेतून आल्या आल्या त्यातलं अंजीर तोंडात टाकलं. संध्याकाळी चितारी आले, त्यांनी फ्रिज उघडला आणि दार तसंच धरून उभे राहिले.

"कोणी खाल्ल्यान ता?"

एरवी ते माझ्याशी नीट पुस्तकी मराठीत बोलायचे. रागावले की मालवणी बाहेर यायची.

"अंकल, इट वॉज जस्ट अ फिग," इरा म्हणाली.

"जस्ट नव्हतं ते. उद्या फुटणार होतं. मी चार दिवस त्याच्या फुटण्याची वाट बघतोय."

मी दुसरी अंजिरं आणून दिली. त्यांनी एकेक हातात घेऊन फिरवून बघितलं आणि सगळी परत केली. एकही त्या अंजिरासारखं नव्हतं म्हणे. आठवडाभर ते लिफ्टमध्ये इराशी बोलले नाहीत. शेजारी म्हणून हा माणूस वैताग होता, हे मी आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगायचंय त्यात त्यांच्याबद्दल माया दिसली तर ती या वैतागाच्या पोटातली आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. इथे कुवेतमध्ये, सालमियातल्या एका क्लिनिकमध्ये काम करते आणि म्हाताऱ्या पेशंटांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. मी डॉक्टर नाही असं त्यांना किती वेळा सांगितलं, पण शेवटपर्यंत त्यांनी मला 'डॉक्टरबाई'च म्हटलं. उंच, वाळकी अंगकाठी, मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट, अंगाला जवसाच्या तेलाचा वास. घरातसुद्धा डावा हात कपाळावर आडवा धरून बघायची सवय. आमच्या ट्यूबलाइटवर त्यांचा विशेष राग. या उजेडात माणूससुद्धा प्लॅस्टिकचा दिसतो, असं म्हणून ते माझ्याकडे बघायचे, तेव्हा नेमकं काय वाटून घ्यावं हे मला कळायचं नाही.

ते मूळचे सावंतवाडीचे. लाकडाची रंगीत फळं जिथे बनतात त्या गल्लीत त्यांचं घर. "लहानपणापासून लाकडाची केळी रंगवली," ते सांगायचे. "लाकडाचं केळं काळं पडत नाही. आजचं उद्या तसंच. मला त्याचा उबग आला." मग मुंबईला चित्रकला शिकायला गेले, तिथल्या लायब्ररीत एक जाडजूड परदेशी पुस्तक हाताला लागलं आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर 'तिथेच फसले'. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या हॉलंडमधल्या चित्रकारांची ती चित्रं. बरोक काळातली, म्हणजे मागे गडद काळोख आणि एका बाजूने येणारा उजेड. टेबलावर फळं, मासे, चांदीचे पेले, लिंबाची लोंबणारी साल. चित्रात माणूस नाही, पण आत्ताच जेवता जेवता उठून गेलाय असं वाटावं. एकेका चित्रापायी ते लोक वर्ष घालवायचे, कारण एखादं फूल समोर नसेल तर त्याचा मोसम येईपर्यंत ते रंगवायचंच नाही. चितारींनी ही रीत उचलली आणि तीच घेऊन कुवेतला आले. इथे त्यांना काय मिळालं, तर नक्कल करायची नोकरी.

शुवैखमध्ये गॅरेजांच्या रांगांमागे त्यांच्या कंपनीचा कारखाना होता. मोठ्या बंगल्यांचे दिवाणखाने सजवून देणारी कंपनी. पडदे, सोफे, सोनेरी फ्रेमा आणि त्या फ्रेमांत घालायला चित्रं. बऱ्याच घरांमध्ये भिंतीवर माणसाचं चित्र नको असतं, त्यामुळे फळाफुलांच्या चित्रांना मोठी मागणी. तिथला मॅनेजर, ज्याला सगळे अरबीतून 'मुदीर' म्हणत, एक छापील चित्र समोर ठेवायचा आणि चितारींनी ते भिंतीच्या मापाने मोठं करून द्यायचं. त्यातही फेरफार असायचे. मूळ चित्रात डुकराची मांडी असली की तिथे कलिंगड घालायचं. कवटी असली की काढायची. कवटीच्या जागी चितारींनी एकदा सोललेला नारळ ठेवला. कवटीवरचा उजेड तसाच राखल्यामुळे नारळाचे तीन डोळे बघणाऱ्याकडे रोखून बघायचे. गिऱ्हाइकाला ते फार आवडलं. चितारी मात्र वर्षभर म्हणत राहिले की त्या माणसाने ते बघितलंच नाही, नुसतं बघून टाकलं.

'बघून टाकणं' हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा. शिरीष बाल्कनीतून समुद्र बघून आत आला तरी ते विचारायचे, "बघितलात, की बघून टाकलात?" शिरीष रिफायनरीत व्हॉल्व्ह बघणारा माणूस. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

खरी पंचाईत व्हायची ती दारूच्या पेल्याची. त्या चित्रांत पेला असतोच आणि त्यात लाल वाइन असतेच. या देशात ते चालणार नाही हे कळण्याइतके चितारी शहाणे होते. त्यांनी डोकं लढवलं आणि पेल्यात कोकम सरबत रंगवलं. गावाहून आलेल्या आगळाचं सरबत करून, पेला खिडकीत ठेवून, त्यातून जाणारा उजेड बघून, प्रामाणिकपणे कोकम. गिऱ्हाइकाने चित्र पाहिलं आणि हात झाडले. चितारी मुदीरकडे बाटली घेऊन गेले आणि त्याला सरबत करून पाजलं. मुदीरने तोंड वाकडं करत सगळं संपवलं आणि म्हणाला, "चव वेगळी आहे, दत्ता. पण भिंतीवरची चव कोण घेणार?"

शेवटी पेल्यात ताक घालावं लागलं. काळ्या खोलीत ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसतं, असं ते पुढे कितीतरी दिवस धुमसत सांगत होते. रंग लाल म्हणजे वाइनच, असं जगाने का ठरवावं, हे त्यांच्या मालवणी डोक्यात शिरतच नव्हतं.

हेन्ड्रिकचा जन्मही त्याच कारखान्यातला. चित्राच्या फ्रेमवर खाली पितळी पाटी असली की चित्र भारदस्त दिसतं, असं मुदीरच्या लक्षात आलं. पाटीवर नाव हवं. खऱ्या चित्रकाराचं घालता येईना, आणि दत्ताराम चितारी हे नाव सोनेरी फ्रेमला शोभेना. मुदीरने विचारलं, तुझं गाव कुठलं? वाडी. मग झाला 'हेन्ड्रिक व्हान डेर वाडे'. चितारींना आधी गंमत वाटली. त्यांनी स्वतःच त्याला जीवनचरित्र दिलं. समुद्राकाठच्या गावचा, लहानपणी पोरका, एक डोळा अधू, लग्न नाही, गरिबीत मेला. मुदीरने ते छान कार्डावर छापून घेतलं आणि प्रत्येक चित्राबरोबर देऊ लागला. याला फसवणूक म्हणवत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचं चित्र पडद्यांबरोबर शुवैखमध्ये मिळत नाही हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. पण नाव असलं की बोलायला बरं पडतं. पाहुणे आले की यजमान सांगायचे, हा बिचारा एका डोळ्याने रंगवायचा.

बघता बघता हेन्ड्रिक मोठा झाला. लोक नावाने मागणी करू लागले. आणि चितारी त्याला पाण्यात बघू लागले. "त्याची चार चित्रं एका घरात आहेत," ते मला सांगायचे, एखाद्या ऑफिसातल्या सहकाऱ्याबद्दल कुरकुर करावी तसे. "त्याला काय, मेल्याला. तो मेलेला आहे. त्याचा इकामा कोणी रद्द करणार नाही." इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना. आमच्यासारख्या सगळ्यांचा जीव त्यातच टांगलेला असतो.

त्यांचं स्वतःचं चित्र समोरच्या फ्लॅटच्या एका खोलीत चालायचं. फ्लॅटमध्ये दुसरे भाडेकरू रफिक. रत्नागिरीचे, शुवैखमध्येच स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर. स्वयंपाक उत्तम, त्यामुळे त्यांच्या फ्रिजमध्ये चित्रातलं फळ टिकायचं नाही, म्हणून ते आमच्या फ्रिजमध्ये यायचं. हा माणूस नसता तर चितारी उपाशी मेले असते आणि चितारी नसते तर रफिकना दिवसातून दोनदा डोक्याला हात लावावा लागला नसता. चितारींनी खिडकीच्या काचा काळ्या कागदाने झाकून फक्त उत्तरेकडची एक फट ठेवली होती. धुळीचं वादळ आलं की त्या फटीतून नारिंगी उजेड यायचा, मग काम बंद. एसी लावला की लिंबाची साल तासाभरात वाळायची, बंद केला की मासा कुजायचा. या दोन्हींच्या मधे कुठेतरी ते चित्र काढायचे.

एकदा त्यांनी पापलेट आणलं. इथे त्याला जुबैदी म्हणतात आणि मासेमारीवरची बंदी उठली की बाजारात झुंबड उडते. ते त्यांनी बर्फावर ठेवून रंगवायला घेतलं. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमन येऊन गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चितारी घरी आले तर टेबल मोकळं आणि स्वयंपाकघरातून वास.

"रफिक, मासा?"

"भाई, मासा खायला असतो. त्याला आणखी एक दिवस ठेवला असता तर कुत्र्याने पण तोंड लावलं नसतं. बसा, सोलकढी आहे."

चितारी बसले, पण खाईनात. रफिक भडकले. मला बोलावणं आलं. मी मध्यस्थी करायला गेले, तर दोघेही मलाच सांगायला लागले. शेवटी चितारींनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "शेपटीजवळची चांदी अजून झाली नव्हती." रफिकनी माझ्याकडे बघून हात जोडले.

आमच्या मराठी मंडळाने एकदा गणपतीच्या सजावटीसाठी पडदा रंगवून मागितला. कमिटीला हिमालय हवा होता. चितारींनी डोंगर नाकारले, पण नैवेद्याचं ताट रंगवून दिलं. केळी, मोदक, फोडलेला नारळ, मागे तो त्यांचा काळोख. सगळे खूश झाले. मग सेक्रेटरीच्या बायकोला एका केळ्यावर माशी दिसली. तिने आधी हाकलली. मग कळलं की रंगवलेली आहे. त्यावर मीटिंग झाली. नैवेद्यावर माशी शोभत नाही, एवढी पुसून द्या, असं सेक्रेटरींनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

"माशी बसते तेच केळं पिकलेलं असतं," चितारी म्हणाले. "देवाला तुम्ही कच्चं देणार आहात का?"

शेवटी माशीवर झेंडूची माळ सोडली. त्या वर्षी चितारी आरतीला आले नाहीत. पुढच्या वर्षी मंडळाने छापील हिमालय मागवला. मला त्या सेक्रेटरीचाही राग आला आणि यांचाही. एक माशी काय ती. पण हा माणूस एवढ्याशा गोष्टीवर असा अडायचा की त्याच्या बाजूने बोलायला गेलेल्या माणसाचाच तिळपापड व्हावा.

मग शुवैखमध्ये मशीन आलं. कॅनव्हासवर छापणारं, वर ब्रशचे फटकारेसुद्धा उठवणारं. हेन्ड्रिकची जुनी चित्रं स्कॅन करून मुदीर पाहिजे त्या मापात छापायला लागला. चितारींची साठी उलटली होती. इकामा पुढे वाढवणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. हेन्ड्रिकला मात्र मरण नव्हतं.

त्या दिवशी ते आमच्याकडे आले, कधी नव्हे ते चहा मागून घेतला आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, या गावात माझी किती चित्रं भिंतीवर आहेत ते मलासुद्धा माहीत नाही. एकावर तरी माझं नाव पाहिजे. एकच. मग मी जातो." त्यांना तेवढंच हवं होतं. पैसे नको, प्रदर्शन नको. आपल्या नावाचं एक चित्र इथल्या कोणाच्या तरी घरात, रोज दिसेल अशा जागी.

त्यांचं स्वतःचं चित्र तयार होत आलं होतं. मी ते तेव्हा पहिल्यांदा पूर्ण बघितलं. चांदीचे पेले नव्हते, रेशीम नव्हतं. त्यांच्या फ्लॅटमधलं टेबल होतं. एक पापलेट, अर्धी मोडलेली इथली खुबूस रोटी, काचेची चहाची छोटी पेली, सोललेलं लिंबू, आणि कडेला चुरगळून टाकलेली दुकानातली निळी प्लॅस्टिकची पिशवी. त्या पिशवीच्या घड्यांवर उजेड असा पडला होता की मला तिथे हात लावावासा वाटला. रोज असल्या पिशव्या मी कचऱ्यात टाकते. मला एकदम रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला.

जाब्रियात माझी एक पेशंट होती, उम्म खालिद. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, ऐंशीच्या घरातली, फटकळ. तिच्या दिवाणखान्यात हेन्ड्रिकची चार चित्रं होती, तिच्या मुलाने, खालिदने लावलेली. व्यायाम करताना ती त्यांच्याकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "हा माणूस एकटा असणार. कोणाला जेवायला बोलवत नसणार." मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की तो माणूस माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो, मेलेला नाही, दोन्ही डोळे धडधाकट आहेत आणि अंजिरावरून माझ्या मुलीशी भांडतो. ती इतकी हसली की तिचा गुडघा दुखायला लागला. मग म्हणाली, त्याला आण.

चितारी ते चित्र घेऊन आले. सोफ्यावर टेकवून ठेवलं. उम्म खालिदने चाकांची खुर्ची पुढे घ्यायला लावली आणि वाकून चित्राचा कोपरान् कोपरा बघितला. मग तिने माशाकडे बोट केलं.

"हा कालचा आहे. ताजा नाही."

मी भीत भीत तिचं अरबी चितारींना मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा असा खुलला की मी तो तसा कधीच बघितला नव्हता. "बघितलान," ते हळूच म्हणाले. "हिने बघितलान." तिचे वडील मासे आणायचे, तिला डोळ्यावरून कळायचं, असं तिने मागाहून सांगितलं. चित्र तिने ठेवून घ्यायचं ठरवलं. तुझं नाव घाल, दुसऱ्या कोणाचं नको, हेही तिनेच सांगितलं.

चित्र त्यांनी सहीसाठी परत घरी नेलं. सहीने त्यांचा एक अख्खा शुक्रवार खाल्ला. आधी वर्तमानपत्राच्या कडांवर सराव. इंग्रजीत करावी की मराठीत, पूर्ण नाव की आद्याक्षर, यावर रफिकचं आणि माझं डोकं पिकवलं. शेवटी उजव्या कोपऱ्यात, टेबलाच्या कडेखाली जी गडद पट्टी होती तिथे तपकिरी रंगात मराठीत 'द. चितारी' असं बारीक लिहिलं. रफिकनी त्या दिवशी शेवयांची खीर केली. चितारींनी दोन वाट्या खाल्ल्या आणि खिरीच्या रंगावर एक अक्षर बोलले नाहीत.

चित्र जाब्रियाला गेलं. चितारी परवाना रद्द करण्याच्या कागदांमागे, तिकिटामागे लागले. दोन आठवड्यांनी मी उम्म खालिदकडे गेले तेव्हा चित्र भिंतीवर होतं. खालिदने ते बाकीच्या चारांशी जुळावं म्हणून शुवैखला पाठवून फ्रेम करून घेतलं होतं. रुंद, सोनेरी, पानाफुलांची नक्षी. आणि उजव्या कोपऱ्यातली सही दिसत नव्हती. फ्रेमच्या आतली कड कॅनव्हासचं बोटभर अंग झाकते, ते सगळं अंग आत गेलं होतं. खाली पितळी पाटी होती. हेन्ड्रिक व्हान डेर वाडे. शुवैखच्या माणसांनी सवयीने लावली होती, कोणी सांगितलंही नसेल.

माझं डोकं फिरलं. पण सगळ्यात जास्त राग आला तो चितारींचा. हा माणूस उभा जन्म फ्रेमवाल्यांच्या शेजारी बसून काम करत होता. फ्रेम किती खाते हे त्याला झोपेतही माहीत असणार. पण नकलेच्या कडेला कधी काही ठेवायचंच नसतं. सही करायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली, तेव्हा चित्राला कुठे धक्का लागणार नाही एवढंच त्याने बघितलं. नाव लिहिलं ते नेमकं फ्रेमच्या पोटात.

मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं आता मालवणीचा भडिमार होईल. ते एवढंच म्हणाले, "माका कळाक होया होता." मग उठून रंगांची पेटी शोधायला लागले.

उम्म खालिदने फ्रेम उघडायला परवानगी दिली. खालिद ऑफिसात होता. दुसऱ्या दिवशी चितारींचं विमान होतं. आम्ही दोघांनी मिळून चित्र उतरवलं, जाजमावर पालथं ठेवलं, त्यांनी मागचे खिळे पक्कडीने एकेक काढले आणि कॅनव्हास बाहेर घेतला. कोपऱ्यात सही होती तशीच होती. उम्म खालिदने वाकून बघितली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण हेच का, असं विचारून तिने त्यावर बोट ठेवलं.

"आता वर कुठेतरी करा. दिसेल अशी," मी म्हटलं.

चितारींनी रंग काढला, ब्रश टोकदार केला आणि चित्रासमोर बसले. डावा हात कपाळावर आडवा. बसूनच राहिले.

"काका, करा ना."

"खंय करू, सांगा."

मी म्हटलं, टेबलाच्या कडेवर. ते म्हणाले, तिथे उजेड वळतोय. मी म्हटलं, मागच्या काळोखात. "तिथे नाव टाकलं की ती भिंत होईल. ती भिंत नाही, ती खोली आहे." पिशवीखाली, मी म्हटलं. ते म्हणाले, तिथे पिशवीची सावली पडलीय. उम्म खालिदने लिंबाच्या बाजूची जागा दाखवली आणि स्वतःच मान हलवून बोट मागे घेतलं. मग मीही बघायला लागले. नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, त्यांना हवं असायचं तसं. खरंच जागा नव्हती. बोटभरसुद्धा अशी जागा नव्हती जिथे काहीतरी चाललेलं नव्हतं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. या माणसाला एकच गोष्ट हवी होती, ती करायला तो हातात ब्रश घेऊन बसला होता आणि त्याने स्वतःच तिला जागा ठेवली नव्हती.

त्यांनी ब्रश फडक्याला पुसला.

"मग निदान ती पाटी तरी काढ," उम्म खालिद म्हणाली. "माझ्या घरात खोटं नाव नको."

ते त्यांनी लगेच ऐकलं. दोन स्क्रू काढले. पाटी हातात घेतली, उलटसुलट केली, खिशात घातली. चित्र परत फ्रेममध्ये बसवून खिळे मारले, भिंतीला लावलं आणि मागे सरले. मला वाटलं, चला, निदान हे तरी झालं. पण त्यांचा हात परत कपाळावर गेला. पाटीच्या जागी सोनेरी लाकडात दोन काळी भोकं होती, त्यांच्या भोवती फिकट चौकोन. एकदा दिसली की डोळा चित्रावरून तिथेच येत होता. आधी माशावर, मग भोकांवर.

"राहू दे हो," मी म्हटलं. "कोणी बघत नाही."

हे मी त्या माणसाला सांगत होते.

त्यांनी खिशातून पाटी काढली आणि चित्राजवळ जाऊन वाकले. उम्म खालिदने मला विचारलं, तो काय करतोय? त्यांनी पाटी जागेवर धरली, एक स्क्रू पिळला, थांबले, डोकं कलतं करून बघितलं, पाटी केसभर उजवीकडे उचलली आणि दुसरा स्क्रू घट्ट केला.

"वाकडी बसवल्यानी मेल्यांनी," ते म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीने हेन्ड्रिकचं नाव पुसलं.